कापून ठेवलेलं गवत

बसस्टँडवर चौकशीची एक खिडकी असते. लोक तिथे जाऊन विचारतात आणि आतला माणूस, मूड असला तर, सांगतो. या गोष्टीतल्या मावशीला सगळी वस्ती 'चौकशी खिडकी' म्हणायची. फरक एवढाच, की इथे खिडकीच विचारायची आणि समोरच्याला मूड असो नसो, सांगावं लागायचं.

मावशी झाडू बांधायची. जंगलाच्या पायथ्याशी वस्ती, वस्तीच्या टोकाला तिचं दोन खोल्यांचं घर आणि पुढच्या खोलीत माणसांपेक्षा गवताला जागा जास्त. डाव्या भिंतीला लांब काड्या, उजव्या भिंतीला आखूड आणि मधोमध पाय पसरून मावशी. सुतळीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं दातांत, आणि दोन्ही हातांनी काड्यांची मूठ गरागरा फिरवत ती आवळायची. सुतळी दातांत असेपर्यंत आलेल्या माणसाची सुटका. सुतळी सुटली की सुरू.

"दवाखान्यात गेला होतास म्हणे? कुठला पाय? उजवा? मग लंगडतोयस डाव्याने ते का?"

तिचा नवरा दाराशी सायकली दुरुस्त करायचा. तीस वर्षं उत्तरं देऊन देऊन त्याच्याकडचा साठा संपला होता. आता तो नुसता 'हं' म्हणायचा. त्या एका 'हं'चे मावशीला सात अर्थ कळायचे, आणि आठवा कळला नाही तर ती विचारायची.

अशा या बाईने एक प्रश्न मात्र नऊ वर्षं कोणालाही विचारला नव्हता. नवऱ्यालासुद्धा नाही.

त्याचं असं झालं. टेकडीच्या मागच्या अंगाला, दोन तास चढून गेलं की एक उतार लागायचा. तिथलं गवत सरळ, लवचिक, आणि तुरा असा दाट की त्याचा झाडू पहिल्या दिवसापासून भुसा गाळत नसे. नवा झाडू आणला की आठवडाभर झाडूनेच केलेला कचरा झाडूने काढायचा, हे ज्यांनी भोगलंय त्यांना मावशीच्या झाडूची किंमत कळेल. तो उतार तिला सासूने दाखवला होता आणि बजावलं होतं, "धाकटीला सांगू नकोस. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही." धाकटी म्हणजे मावशीची जाऊ. तीही झाडू बांधायची, पण ओढ्याकाठच्या गवताचे, आणि ते मनसोक्त भुसा गाळायचे.

थंडी सरता सरता, बी गळून गेलं की मावशी उतारावर जायची. दोन दिवसांत खालची बाजू कापायची, भारे घरी आणायची आणि आठ-दहा दिवसांनी वरच्या बाजूसाठी परत जायची. नऊ वर्षांपूर्वी अशीच परत गेली, तर वरची बाजू कापलेली! कड्याच्या बाजूने दहा पावलं रुंद पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि कापलेलं गवत जागच्या जागी वाळत पडलेलं.

चोर असता तर घेऊन गेला असता. देणारा असता तर निदान तोंड दाखवून गेला असता. मावशी विळा हातात धरून तासभर बसली. कोणी आलं नाही. शेवटी गवत गोळा केलं, भारा बांधला आणि चोरासारखी मागे बघत घरी आली.

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. आणि कापणी काय तर देवा रे! इथे गुडघ्याएवढे बुडखे ठेवलेले, तिथे मुळासकट उपटलेलं. झाडूच्या धंद्यातलं कोणी नव्हे, एवढं नक्की. पण मग कोण? आणि कापायचं तर टाकून का जायचं? पण विचारणार कसं? 'वरचं गवत कोण कापतं' म्हटलं की समोरचा म्हणणार, 'वरचं म्हणजे कुठलं?' संपलं. सासूची ताकीद, उतार आणि धंदा, तिन्ही एका वाक्यात गेले असते.

म्हणून ती त्या दिवसांत लोकांचे हात बघायची. विळ्याची सवय नसलेल्या हाताला फोड येणारच. "बघू रे हात," म्हणत तिने वस्तीतला एकही तळवा सोडला नाही. मावशी ज्योतिष शिकतेय, अशी बातमी धाकट्या जावेने दोन दिवसांत सगळीकडे पोचवली. फोड कुठेच सापडले नाहीत.

आणि एका सकाळी सभागृहाच्या फळ्यावर नकाशा लागला.

जंगल संरक्षित करायचं ठरत होतं. नकाशात फिकट हिरवा भाग होता, तिथे नियम पाळून जाता येणार होतं. मधला गडद हिरवा होता गाभा. तिथे कोणीच जायचं नाही, काडीसुद्धा आणायची नाही. मावशीने ओढा शोधला, ओढ्यावरून बोट वर नेलं, टेकडी ओलांडली. बोट गडद हिरव्यात जाऊन थांबलं. उतार गाभ्यात होता.

खाली लिहिलं होतं: 'क्षेत्राचा मानवी वापर – निरंक.'

"निरंक म्हणजे काय हो?" तिने शेजारी उभ्या असलेल्या गार्डला विचारलं. गार्ड म्हणजे वनरक्षक, वस्तीबाहेरच्या चौकीत राहणारा. गणवेश इस्त्रीचा, मिशा इस्त्रीच्या, आणि बोलणं तर स्टार्च घातलेलं.

"निरंक म्हणजे काही नाही."

"काही नाही तर लिहिलं कशाला?"

"काही नाही हेच लिहावं लागतं, बाई. नोंद असते ती."

"आणि ही नोंद दिली कोणी?"

"तुम्ही सगळ्यांनीच," गार्ड मिशीतल्या मिशीत हसला. "मागच्या महिन्यात फॉर्म घेऊन घरोघर फिरलो नव्हतो का? चौथा रकाना. 'जंगलाचा वापर करता काय?' सगळे म्हणाले, नाही. तुम्हीही."

मावशीला आठवलं. म्हणाली होती खरी. आणि खोटंही बोलली नव्हती. वापरतात ती चप्पल. वापरतात तो पंचा. वापरून वापरून विरली, झिजली की फेकतात. जंगल वापरता का, हे तिला ऐकायला असं लागलं होतं, की जंगल झिजवता का? आपण कशाला झिजवू? आपण जातो, आणतो, येतो. सगळी वस्ती तशीच म्हणाली, "छे हो, आम्ही नाही वापरत," आणि वर गार्डला पाणी दिलं.

त्या रात्री नवरा म्हणाला, "हं." हा चिंतेतला होता.

हरकती घ्यायला तीन आठवडे होते आणि त्यासाठी शहरातून एक मुलगी आली होती. सभागृहाच्या मागच्या खोलीत तिने टेबल मांडलं होतं. टेबलाचा एक पाय आखूड, त्याच्याखाली कोऱ्या फॉर्मांची घडी. हरकत लिहायचे तेच फॉर्म. तीन दिवसांत एकही हरकत आली नव्हती, त्यामुळे घडीचा तेवढा तरी उपयोग होत होता. वस्ती तिला 'नकाशावाली' म्हणू लागली.

मावशी गेली आणि खुर्ची ओढून बसली. "पोरी, हा चौथा रकाना कोणी लिहिला?"

"ऑफिसने, मावशी."

"ऑफिसला मराठी येतं?"

नकाशावालीने पेन खाली ठेवलं. मावशीने चप्पल, पंचा, झिजणं, सगळं सांगितलं. मुलीचा चेहरा आधी हसरा होता, मग नव्हता.

"म्हणजे सगळ्यांचं 'नाही' हे..."

"बरोबर उत्तर आहे. प्रश्न चुकलाय."

"मग विचारायचं कसं?"

तीस वर्षांत मावशीला कोणी पहिल्यांदाच विचारत होतं, की विचारायचं कसं. ती खुर्चीत जरा सरळ बसली.

"घरात जायचं. बसायचं. एकेका वस्तूवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, हे आलं कुठून? माणूस जंगलाबद्दल खोटं बोलेल, पण स्वतःच्या खुंटीबद्दल कशाला बोलेल?"

दुसऱ्या दिवसापासून दोघी फिरायला लागल्या. पुढे चौकशी खिडकी, मागे वही घेऊन नकाशावाली. लोहाराने आधी सांगितलं, "आमचं जंगलाशी काही देणंघेणं नाही, आमचं लोखंडाशी." मावशीने हातोड्याच्या दांड्यावर बोट ठेवलं. दांडा कसल्या लाकडाचा, फांदी कुठे मिळते, पडलेली घेता की तोडता, किती वर्षं टिकतो. लोहार बोलत गेला, बोलत गेला, आणि अर्ध्या तासाने स्वतःच म्हणाला, "अरेच्चा, एवढं असतं होय आमचं तिथे?" मोलकरणीचं काम करणाऱ्या बाईच्या फळीवर खोकल्याच्या मुळ्यांची पुरचुंडी निघाली. मध काढणारे आजोबा सगळं बोलले, फक्त पोळं कुठे ते सोडून.

"आजोबा, नकाशात नाही दाखवलं तर जाणं बंद होईल," नकाशावाली म्हणाली.

"दाखवलं तर उद्या दहा जण जातील," आजोबा म्हणाले. "मग मी जाऊन काय करू? माश्यांची माफी मागू?"

नकाशावालीने वहीत तेवढी जागा कोरी सोडली. मावशीने पुढचा प्रश्नच विचारला नाही, आणि हे वस्तीत बघण्यासारखं दृश्य होतं.

बाहेर आल्यावर मुलीने सहज विचारलं, "मावशी, तुमचं गवत कुठून येतं?"

मावशीच्या पायाला एकदम खडा टोचला. तिने चप्पल काढली, झटकली, घातली. "येतं इकडून तिकडून," ती म्हणाली. इतका फालतू जबाब तिला कोणी दिला असता, तर तिने त्याला संध्याकाळपर्यंत सोडलं नसतं.

शेवटचं घर धाकटीचं. मावशी आत शिरली ती थेट कोपऱ्यातल्या गवताकडे. काड्या वाकवल्या, तुरा चोळला, वास घेतला. ओढ्याकाठचंच. धाकटी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"काय हो जाऊबाई, हात बघून झाले, आता गवताचं भविष्य सांगताय का?"

"बघतेय नुसती."

"बघा की. तुमच्यासारखं नाहीच ते. सासूबाईंनी तुम्हाला कुठलीशी जागा दाखवली होती, मला ठाऊक आहे. मी नाही विचारलं कधी." धाकटीने पाण्याचे पेले पुढे केले. "मला वाटायचं, कधीतरी स्वतःहून सांगाल."

मावशीने पेला उचलला आणि एका दमात संपवला. धाकटीच्या तोंडात न भिजणारा तीळ इतकी वर्षं भिजत पडला होता तर!

सभेच्या दिवशी सभागृहातल्या खुर्च्या भिंतीला लावल्या आणि नकाशावालीने जमिनीवर खडूने मोठा नकाशा काढला. ओढा, टेकडी, चौकी, वस्ती. मोठे साहेब आले होते. गार्ड त्यांच्या मागे काठीसारखा उभा. एकेकाने आपली वस्तू आणून जागेवर ठेवायची होती. लोहाराने हातोडा ठेवला. मुळ्यांची पुरचुंडी आली. मध काढणाऱ्या आजोबांनी रिकामी बरणी आणली आणि अर्धा डोंगर झाकेल एवढं फडकं पसरून त्यावर ठेवली. "यात कुठेतरी," ते म्हणाले. साहेबसुद्धा हसले. धाकटीने ओढ्याकाठी आपला झाडू ठेवला, त्याने ठेवता ठेवताच थोडा भुसा गाळला.

फिकट भाग भरत गेला. गडद भागात बरणीच्या फडक्याखेरीज काही नव्हतं. टेकडीमागचा उतार तर स्वच्छ.

"इथे कोणाचं काही नाही ना?" साहेबांनी बुटाच्या टोकाने उतार दाखवला. "गार्ड, तुमचा अहवालही तेच सांगतो?"

"होय साहेब. निरंक. नऊ वर्षांत माणसाचा वावर नाही. मी स्वतः जातो."

"मग हा भाग पक्का करू."

मावशीच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत झाडू. तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी नकाशाकडे बघत होती. सांगितलं तर जागा सगळ्यांची होणार. नाही सांगितलं तर कोणाचीच राहणार नाही. नकाशावालीने खडू उचलला.

"थांब गं पोरी."

मावशी उठली, चपला काढल्या, खडूचा ओढा ओलांडून गेली आणि झाडू उतारावर ठेवला. सभागृहात कुजबुज सुरू झाली. "अगंबाई, इथली होय ती काडी!"

"अशक्य," गार्ड पुढे आला. "साहेब, ही बाई काहीही सांगते. तिथे कोणी येत नाही."

"मी येते. एकवीस वर्षं येते. खालची बाजू मी कापते," मावशी म्हणाली. उतार गेलाच होता, मग प्रश्न तरी कशाला अडकवून ठेवायचा? "आणि आता तुम्हीच मला सांगा. तुम्ही स्वतः जाता ना? मग दर वर्षी वरचा पट्टा कापून गवत तसंच टाकून जातं ते कोण?"

गार्डचा स्टार्च एका क्षणात उतरला.

"टाकून... गवत..." त्याने साहेबांकडे पाहिलं, मग मावशीकडे, मग साहेबांना विसरूनच गेला. "गवत तुम्ही नेता?"

"म्हणजे?"

"वाळायला टाकलेलं! आठ दिवसांनी जाळायला जातो तर काडी नसते! नऊ वर्षं!" त्याचा आवाज चढला. "मी तिथे एकदा रात्र काढली, बाई! वाटलं, कुठलं जनावर खातं. तर लेंडी नाही, पाऊल नाही!"

"थांबा," साहेब म्हणाले. "जाळायला म्हणजे?"

मग ते बाहेर आलं. नऊ वर्षांपूर्वी वरून एका ओळीचा आदेश आला होता: टेकडीच्या कडेने जाळरेषा घ्यावी. म्हणजे गवताचा पट्टा कापायचा, वाळवायचा, सांभाळून जाळायचा, की उन्हाळ्यात वणवा लागला तर तिथे अडतो. इतर जाळरेषा वस्तीने शंभरदा पाहिल्या होत्या, काळ्याकुट्ट. ही एकदाही काळी पडली नाही, कारण काडी लावायच्या आत मावशी भारा बांधून मोकळी व्हायची. म्हणून तिला ती ओळखू आली नाही.

"पण अहवालात दर वर्षी लिहिलंय," साहेबांनी कागद काढला, "'गवत जाळून पट्टा साफ केला.'"

सगळं सभागृह गार्डकडे बघत होतं. 'ही बाई खोटं बोलते' एवढंच म्हणायची देर होती. साहेब त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार बसले होते. कागद त्याचा होता, साहेब त्याचे होते. गार्डने मिशीला हात लावला आणि काढून घेतला.

"पट्टा साफ असायचा, साहेब," तो हळू म्हणाला. "मी जाळला नाही. गवत आपोआप नाहीसं होतं, असं कुठल्या रकान्यात लिहिणार होतो? माणूस येत असेल म्हटलं, तर वावर दाखवावा लागला असता. मग माझी गस्त काय कामाची? म्हणून इकडे 'जाळलं' लिहिलं, आणि तिकडे... निरंक." त्याने घसा खाकरला. "खालची बाजूही दर वर्षी कापलेली दिसायची, तिकडेही डोळेझाक केली. माझी दहा पावलं आणि खालची ती पन्नास. चार वर्षांपूर्वी पलीकडून वणवा आला, तो तिथे थांबला. माझ्या दहा पावलांनी थांबला नसता."

धाकटीने ओढ्याकाठचा आपला झाडू उचलला. "साहेब, आता निरंक पुसता का मी पुसू? झाडू हातात आहे."

साहेब तसे कागदाचे माणूस. लगेच 'हो' म्हणणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. त्यांनी विचारलं, पक्षी घरटी करतात त्या दिवसांत जाता का? मावशी म्हणाली, बी गळायच्या आधी कापलं तर पुढच्या वर्षी काय उगवेल, माझं कपाळ? मुळं उपटता का? "ते यांना विचारा," तिने गार्डकडे बोट केलं. अर्धा तास प्रश्न इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेले. मावशीला इतकी मजा वर्षानुवर्षं आली नव्हती. शेवटी साहेबांनी मान डोलावली आणि नकाशावालीने ओल्या फडक्याने उतारावरची गडद रेघ पुसली आणि फिकट बाजूला घेतली. खाली लिहिलं: 'बी गळल्यानंतर गवतकापणी. जाळरेषेचं काम कापणाऱ्यांसोबत.' 'कापणाऱ्यांसोबत' हे अनेकवचन मावशीने सांगून घातलं. गार्डच्या अहवालावर साहेबांनी फक्त तांबड्या पेनाने प्रश्नचिन्ह काढलं. त्याचं पुढे काय झालं, ते मावशीने अजून शोधून काढायचं आहे.

चौथा रकानाही बदलला. आता तिथे छापलंय: 'तुमच्या घरात जंगलातून आलेल्या वस्तू कोणत्या?' कोरे फॉर्म घेऊन गार्ड पुन्हा घरोघर फिरला, आणि प्रत्येक घरी त्याला खुंटीपाशी बसावं लागलं.

थंडी सरली तेव्हा उतारावर तिघं होते. खाली मावशी आणि धाकटी, वर गार्ड, इस्त्रीच्या बाह्या दुमडून. मावशी चढून त्याच्याजवळ गेली.

"बघू हात."

त्याने मुकाट्याने तळवे पुढे केले. चार ताजे फोड, आणि त्यांच्याखाली जुन्या फोडांचे वण.

"नऊ वर्षं मी सगळी वस्ती तपासली," मावशी म्हणाली, "आणि हे चौकीत लपून बसले होते! विळा असा धरतात होय? मनगट कुठे चाललंय तुमचं? कोणी शिकवलं?"

"कोणी नाही."

"मग विचारायचं नाही का कोणाला?"

गार्डने तिच्याकडे पाहिलं. "कोणाला विचारणार होतो, मावशी? इथे तर कोणी येत नव्हतं ना!"

खालून धाकटी इतकी मोठ्याने हसली की गवतातून दोन पाखरं उडाली. मावशीने त्याच्या हातातून विळा घेतला, एक मूठ धरून बुडाशी कापून दाखवली आणि विळा परत दिला. मग त्याचा पुढचा काप चुकतोय का, ते बघत तिथेच उभी राहिली.